पडलेल्या हार्ड डिस्कमधले लग्नाचे फोटो वाचवायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात शाहूपुरीत स्टुडिओ आहे. २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू असताना टेबलावरून फरशीवर पडली. आता ती लावली की दिसते, पण एक फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात आणि मध्येच ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. आत या हंगामातल्या लग्नांचे फोटो-व्हिडिओ आहेत आणि दुसरी कॉपी नाही. एका मित्रानं चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवायला सांगितलं, दुसऱ्यानं डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला. शिवाय पुढे असं होऊ नये म्हणून डिस्कची निगा कशी राखायची, हेही तुम्ही विचारलंय.

दोन्ही उपाय करू नका. डिस्क आत्ता लावलेली असेल तर काढा आणि उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत परत लावू नका. ‘बघू तरी दिसते का’ म्हणून दर तासाला लावून बघणं हेच बहुतेक डिस्कचा शेवट करतं. पडलेल्या डिस्कमध्ये किती जीव उरलाय हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. तासभर असेल, महिनाभरही असेल. जेवढा असेल तेवढा सगळा एकाच कामाला लावायचा: तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या धडधाकट डिस्कवर उतरवणं. तपासणी, दुरुस्ती, फाइल शोधणं हे सगळं मग त्या नकलेवर करायचं, मूळ डिस्कवर नाही.

हे इतकं ठासून का सांगतोय ते कळायला आत काय असतं ते बघा. चुंबकीय थर दिलेल्या चकत्या, म्हणजे प्लॅटर, तुमच्यासारख्या पोर्टेबल डिस्कमध्ये साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर, फिरत्या चकतीनं ओढलेल्या हवेच्या थरावर तरंगत असतं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे ही फट किती बारीक असेल बघा. चालू डिस्क पडली की हेड चकतीवर आपटतं. नशीब चांगलं असेल तर हेड नुसतं कमकुवत होतं. वाईट असेल तर चकतीचा थर खरवडला जातो, त्याचे कण आत फिरू लागतात आणि ते कण बाकीची चकतीही खराब करत जातात. डिस्क जितका वेळ चालू, तितकं हे नुकसान मोठं. खरवडून गेलेला थर डेटा परत मिळवून देणारी जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही, कारण डेटा त्या थरातच होता.

आता चेकडिस्कबद्दल. ती डिस्क दुरुस्त करत नाही, फाइल सिस्टीमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदींचा, हिशोब जुळवते. ज्या नोंदी तिला नीट वाचता येत नाहीत त्या ती चुकीच्या धरते, कापते, तोडते आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहिते. चांगल्या डिस्कवर, लाइट गेल्यामुळे फाइल सिस्टीम बिघडली असेल तर ती उपयोगाची आहे. कमकुवत हेडच्या डिस्कवर मात्र शाबूत फोल्डरांचेही तुकडे होतात. फ्रीजरचा सल्ला फार जुन्या काळातल्या डिस्कवरून आलाय, तेव्हा गोठवल्यावर एखादी अडकलेली मोटर थोडा वेळ सुटायची. आजच्या डिस्कवर बाहेर काढल्या काढल्या दव धरतं, आणि वर सांगितलेल्या फटीत पाण्याचा बारीकसा थेंबही हेडला डोंगरासारखा आडवा येतो.

‘फॉरमॅट करा’ या संदेशानं घाबरू नका, फक्त ‘रद्द’ दाबा. विंडोजला डिस्कच्या सुरुवातीचा भाग किंवा फायलींची मुख्य यादी वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोटो गेले असा त्याचा अर्थ नाही. चुकून क्विक फॉरमॅट झालं तरी फक्त यादी नव्यानं लिहिली जाते, फोटो बरेचसे परत मिळतात. फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं. त्यानंतर काही उरत नाही.

डिस्कला हात लावण्याआधी एक काम आजच करा. त्या लग्नांत वापरलेली मेमरी कार्डं शोधून बाजूला काढा आणि ती कॅमेऱ्यात पुन्हा घालू नका. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त यादी पुसतं. कार्डावर नंतर दुसरं शूट झालं नसेल, किंवा थोडंच झालं असेल, तर जुने फोटो तिथं अजून असू शकतात. फोटोरेक हा फुकट प्रोग्राम ते काढून देतो. तुमच्या सेकंड शूटरकडची कार्डं, एडिटरकडे पाठवलेले फोल्डर, अल्बमसाठी प्रेसला दिलेल्या फायली, निवडीसाठी घरच्यांना दिलेले पेन ड्राइव्ह, सगळं विचारून घ्या. लोक डिस्कमागे लागतात आणि त्याच आठवड्यात त्याच कार्डांवर पुढचं लग्न शूट करतात. नंतर कळतं की अर्धा डेटा कार्डावर होता.

आता डिस्क. तिचा आवाज सगळ्यात आधी ऐका. लावल्यावर नेहमीसारखी सूं करून फिरते आणि बाकी काही ऐकू येत नसेल तर आशा चांगली. ठरावीक लयीत टिक… टिक… टिक… असं येऊन मग थांबत असेल तर हेडला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत. ते आत जातं, काही मिळत नाही म्हणून परत येतं, पुन्हा जातं. तिथल्या तिथं वायर काढा. फिरण्याऐवजी बारीक बीप-बीप किंवा कुंथल्यासारखा आवाज येत असेल तर मोटर अडकलीय किंवा हेड चकतीला चिकटून बसलंय. घासल्यासारखा, खरखर आवाज सगळ्यात वाईट. या तिन्हीत घरी करण्यासारखं काहीच नाही, सॉफ्टवेअर तर अजिबात नाही. आणि झाकणाचे स्क्रू काढून ‘आत बघू’ हे कधीही करू नका. धुळीचा एक कण आत गेला की पुरे. हेड बदलायचं काम गाळलेल्या स्वच्छ हवेच्या बाकावर, त्याच मॉडेलच्या डोनर डिस्कचे, म्हणजे भाग काढून घेण्यासाठीच आणलेल्या दुसऱ्या डिस्कचे, सुटे भाग वापरून, सरावलेल्या हातांनी करायचं असतं.

डिस्क अगदीच मुकी असेल, फिरतच नसेल, तर गोष्ट वेगळी असू शकते. साडेतीन इंची डिस्कच्या एक्स्टर्नल केसिंगला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घाईत कुणीतरी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावतो, पिनही बसते. डिस्कच्या सर्किट बोर्डवर अशा वेळेसाठीच एक छोटासा काळा डायोड असतो. जास्त दाब आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. मीटर लावला की तो लगेच ओळखू येतो. जाणकारानं तो काढला की बऱ्याचदा डिस्क फिरू लागते, पण आता तिला संरक्षण नसतं, म्हणून एकदा डेटा काढून घ्यायचा आणि डिस्क निवृत्त करायची. ‘सेम मॉडेलचा बोर्ड लावला की चालते’ हे मात्र आता सहसा खरं नाही. बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं असतात, ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डवर न्यावा लागतो.

आवाज नसेल तर एकदाच, पटकन, क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडून बघायला हरकत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल बाकी असलेले, सी६ म्हणजे हरलेले. सी५ वाढत असेल तर डिस्क चाललीय. हे आकडे हा प्रोग्राम मुळात सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे तिथला १० म्हणजे आपले १६. सी७ वाढलेला असेल तर दोष बहुतेक केबलचा, आधी केबल बदला. पण ‘गुड’ अशी निळी पाटी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या चार मुख्य स्मार्ट नोंदींत आधी काहीच इशारा नव्हता.

स्वतः नक्कल काढायचीच असेल तर विंडोजमधून फोल्डर ओढून कॉपी मारू नका. एक खराब सेक्टर लागला की विंडोज त्याच्यावरच डोकं आपटत बसतं आणि हेड मरेपर्यंत हटत नाही. लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून कॉम्प्युटर विंडोजशिवाय सुरू होतो) करा, डिस्क आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी उघडली जाणं, बंद ठेवा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हा नक्कल काढणारा प्रोग्राम वापरा. या प्रोग्रामची खुबी अशी की तो सोपा भाग आधी वाचतो. अडलं की उडी मारून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतो. पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही. ती पूर्ण झाल्यावरच दुसरी फेरी, उरलेल्या जागांसाठी, पुन्हा प्रयत्न एक-दोनदाच. एखाद्या ठिकाणी फारच अडत असेल तर उलट दिशेनं वाचायला लावा. मॅप फाइल नक्कल ठेवताय त्याच चांगल्या डिस्कवर ठेवा आणि ती जपा, कारण लाइट गेली तरी तिच्यामुळेच काम सोडलं तिथून पुढे चालू होतं. कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. नक्कल ठेवायला ४ टीबीची डिस्क घ्या, २ टीबीची पुरत नाही, कारण फायली बाहेर काढायलाही जागा लागते.

वेगाकडे लक्ष ठेवा. सेकंदाला १०० एमबी मिळत असतील तर २ टीबी साडेपाच तासांत उतरतात. सेकंदाला १ एमबी मिळत असेल तर तेच काम तेवीस दिवसांचं होतं, आणि पडलेली डिस्क तेवीस दिवस तग धरेल यावर मी पैज लावणार नाही. पहिल्या अर्ध्या तासात वेग असा रांगत असेल, किंवा मध्येच नवीन आवाज सुरू झाला, तर थांबा. मॅप फाइल आणि डिस्क दोन्ही घेऊन लॅब गाठा.

डिस्क केसिंगमधून काढून यूएसबीऐवजी सरळ कॉम्प्युटरच्या आतल्या सॅटा केबलला लावली तर काम बरं होतं, पण ते सगळ्या पोर्टेबल डिस्कना लागू नाही. कितीतरी मॉडेलमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच असतं. काहींत तर बोर्ड स्वतःच डेटा एन्क्रिप्ट करतो, म्हणजे सांकेतिक रूपात लिहितो, पासवर्ड लावला नसला तरी. अशी डिस्क दुसऱ्या बोर्डवर वाचली की नुसता कचरा दिसतो. म्हणून केसिंग फोडण्याआधी मॉडेल नंबर शोधून खात्री करा, आणि जुना बोर्ड कधीही टाकू नका.

नक्कल हातात आली की मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. नकलेवर टेस्टडिस्क या प्रोग्रामनं पार्टिशन (डिस्कचे विभाग) आणि फोल्डर सापडतात का बघा. सापडले तर नावांसकट सगळं मिळतं. नाही सापडले तर फोटोरेक, पण त्यात फायलींची नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी येतात, ते कॅमेऱ्यानं फोटोतच लिहिलेल्या तारखेवरून लावून घ्यावे लागतात. सलग जागेवर असलेले जेपेग छान मिळतात, मोठे व्हिडिओ मात्र डिस्कवर तुकड्यांत असतील तर फोटोरेकला जोडता येत नाहीत.

तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर स्वतः करू नका. डिस्क चालू असताना पडलीय, वेग मंदावलाय, आणि आतला डेटा दुसऱ्यांच्या लग्नाचा आहे. लग्न परत शूट करता येत नाही. लॅबकडे पीसी-३००० सारखी उपकरणं असतात. ती किती वेळ वाट बघायची ते ठरवतात, गरज पडेल तेव्हा डिस्कची वीज तोडतात आणि मुख्य म्हणजे कमकुवत हेड बाजूला ठेवून आधी चांगल्या हेडांनी वाचतात. समजा चार हेडांपैकी एक गेलंय. तीन हेडांचा डेटा सुखरूप येतो, पण त्याचा अर्थ पाऊण फायली मिळाल्या असा होत नाही. डेटा एका हेडवरून दुसऱ्यावर टप्प्याटप्प्यानं पसरलेला असतो. दहा-पंधरा एमबीचा फोटो बहुतेक वेळा एकाच टप्प्यात बसतो, म्हणून फोटो भरपूर अख्खे मिळतात. कित्येक जीबीचा सप्तपदीचा व्हिडिओ चारही हेडांवर पसरलेला असतो, त्याला ठिकठिकाणी भोकं पडतात. म्हणून लॅबला आधीच लिहून द्या की कुठल्या लग्नाचे फोल्डर आधी हवेत आणि फोटो महत्त्वाचे की व्हिडिओ.

लॅब निवडताना तीन गोष्टी विचारा. तपासणीनंतर खर्च लेखी सांगणार का? माझ्या परवानगीशिवाय डिस्क उघडणार नाही ना? आणि डेटा देण्याआधी फायलींची यादी दाखवणार का? ‘शंभर टक्के मिळणार’ असं डिस्क न बघता सांगणाऱ्याकडे देऊ नका. डिस्क आधी कुणाकुणाकडे जाऊन आली, काय काय केलं, ते लपवू नका, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पाठवताना अँटिस्टॅटिक पिशवी, भोवती दोन इंच फोम आणि जाड खोकं. नुसत्या लिफाफ्यातून कुरिअर केलेली डिस्क वाटेत दुसऱ्यांदा पडते.

आता निगा. हार्ड डिस्कला तेलपाणी नसतं, सर्व्हिसिंग नसतं. चालू असताना हलवू नका, ती उभी ठेवू नका, लोंबणारी वायर टेबलाच्या कडेला येऊ देऊ नका, ‘सेफली रिमूव्ह’ केल्यावर फिरणं थांबेपर्यंत उचलू नका. उन्हाळ्यात डिस्क ४५ अंशांच्या वर जात असेल तर पंखा द्या. सतत हादरणाऱ्या यंत्रापासून डिस्क दूर ठेवा, सततच्या धक्क्यानं हेडला रेघेवर राहणं जड जातं. डीफ्रॅगमेंट वगैरे करून डिस्कचं आयुष्य वाढत नाही. एवढं पाळलं की निगा झाली. एवढं पाळूनही डिस्क एक दिवस जाणारच, त्यामुळे खरी निगा कॉपीची.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम तुमच्याच धंद्यातून आलाय: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा. लग्नाहून आल्यावर रात्रीच कार्डं दोन डिस्कवर उतरवायची, आणि दोन्हींवरचे फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. एडिटिंग एका डिस्कवर, दुसरी कपाटात. निवडलेले फोटो क्लाउडवर, सगळ्या रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या) फायली चढवणं परवडत नसेल तरी अंतिम जेपेग तरी. अल्बम हातात देईपर्यंत यातलं काही पुसायचं नाही. संपादनासाठी एसएसडी घेतलीत तर वेग मिळेल आणि पडण्याचं भय कमी होईल, पण तिच्यावरून पुसलेली फाइल ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप रिकामी करणाऱ्या सोयीमुळे) सहसा कायमची जाते, आणि ती जाते तेव्हा बऱ्याचदा आवाजही न करता जाते. पेन ड्राइव्ह द्यायला-घ्यायला ठीक, साठवायला नाही.  

दुसरी जागा म्हणजे कुठली, हे कोल्हापुरात नीट ठरवावं लागतं. स्टुडिओ शाहूपुरीत आणि दुसरी डिस्क नागाळा पार्कातल्या घरी, हे कागदावर दोन जागा झाल्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी दोन्हीकडे आलं. दुसरी प्रत राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात नातेवाइकाकडे ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. ३९ ची बातमी आली की त्याच दिवशी स्टुडिओतल्या डिस्क आणि सीपीयू वरच्या मजल्यावर किंवा गावाबाहेर न्या, ४३ ची वाट बघू नका.

तरीही डिस्क पुरात सापडलीच तर ती चालू करून बघू नका. उन्हात ठेवू नका, ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका. डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गढूळ पाणी आत गेलेलं असतं. ते वाळलं की गाळ चकतीवर घट्ट बसतो. वरवरचा चिखल हलक्या हातानं पुसा, ओल्या कापडासकट हवाबंद पिशवीत घाला, म्हणजे ती ओलीच राहील, आणि तशीच लॅबला द्या. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता, त्यामुळे पुण्या-मुंबईला पाठवायला उशीर होणारच. त्या काळात पिशवी उघडून ‘वाळली का’ बघू नका.

तुमची डिस्क पाठवण्याआधी तिच्या पाठीवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. मॉडेल, फर्मवेअर, सिरीयल नंबर आणि तारीख त्यावर असते. डोनर शोधायला पहिल्यांदा तेच लागतं.